भोपळे कोण तुडवतं

"हे डुक्कर चप्पल घालून आलं होतं का?"

मी विचारलं आणि हातातला भोपळा मालकांच्या ताटाशेजारी आदळला. भोपळा कसला, मुठीएवढं पोर होतं ते. बुडाशी फूल अजून सुकून चिकटलेलं होतं. एका अंगानं चेपून फुटला होता आणि कोवळ्या सालीवर चपलेच्या तळाच्या रेघा उमटल्या होत्या.

मालक पोहे खात होते. त्यांनी त्या भोपळ्याकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"डुक्करच असणार," ते समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले. "कुंपणाखालनं शिरत असंल."

"आणि ह्या रेघा?"

"कसल्या रेघा?" म्हणत त्यांनी पाण्यासाठी हात लांबवला, तो नेमका तांब्यावर लागला आणि तांब्या आडवा झाला. पाणी ताटाखालून थेट माझ्या पायापर्यंत आलं. ते तसेच उठले, चौकटीला खांदा घासून बाहेर गेले. थोड्या वेळानं बस सुरू झाल्याचा आवाज आला.

मी मात्र तो भोपळा हातात घेऊन बसून राहिले. आठवड्याभरात असे कितीतरी भोपळे फुटले होते, आणि दर वेळी मालकांचं डुक्करच निघत होतं.

मालक म्हणजे माझा नवरा, हणमंत शेलार. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. मी मालक म्हणत आले, आता ह्या वयात काय बदलायचं. एका साखर कारखान्यात ते ड्रायव्हर होते. कारखान्याची वसाहत माळावर, शाळा गावात. वसाहतीतल्या पोरांना सकाळी शाळेत पोचवायचं आणि दुपारी आणायचं, हे त्यांचं काम. नोकरी होती म्हणून क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं परस. मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती. घरात आम्ही दोघंच, आणि त्या परसापलीकडं तारेच्या कुंपणाला लागून सिस्टर वळवींचं परस.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण कोणी परसात मक्याशेजारी भोपळा लावलेला दिसला, की मला अजून तो फुटल्याचा आवाज ऐकू येतो.

मी स्वभावानंच संशयी. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघणारी. माझी आई म्हणायची, ही पोरगी देवाच्या प्रसादाचा पण वास घेऊन बघते. तेव्हा भोपळा तुडवला गेला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही, असं होणंच शक्य नव्हतं. पण खरं सांगायचं, तर पाल त्याच्या आधीच चुकचुकली होती. पेरणीच्या वेळीच.

आमच्या परसात मालकांचा कारभार कसा, तर दोरी लावून. मिरचीची ओळ, वांग्याची ओळ, मेथीचा वाफा. सगळं शाळेतल्या पोरांसारखं रांगेत उभं. एक रोप ओळीबाहेर उगवलं, तर ते उपटून परत ओळीत लावणारा हा माणूस. त्या वर्षी मात्र त्यांनी दोरी काढलीच नाही. कुंपणाच्या कडेनं मातीचे उंचवटे केले, एकेका उंचवट्यात मक्याचे चार-पाच दाणे टोचले. मका वीतभर वर आला, की त्याच्या बुडाशी घेवडा. आणि मधल्या मोकळ्या जागेत भोपळ्याच्या बिया.

"हा काय काला मांडलाय?" मी म्हटलं.

"सिस्टरांच्या गावाकडं असंच लावतात. सातपुड्यात. मका उभा राहतो, घेवड्याला काठी लागत न्हाई, भोपळ्याची पानं माती झाकतात, तण येत न्हाई."

"बी कुणी दिलं?"

"त्यांनीच."

सिस्टर वळवी कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. चाळिशीच्या आसपासची बाई, एकटी राहणारी, लग्न न केलेली, अंगानं सडसडीत. बोलणं मोजकं आणि पांढऱ्या साडीला कधी सुरकुती नाही. मला इंजेक्शन देताना सुद्धा तिचा हात हलका. वाईट म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं, आणि तेच मला खुपायचं. एखादी बाई भांडखोर असली की बरं असतं, तिच्याविषयी काही बोलता येतं.

श्रावण येईपर्यंत मका माणसाच्या वर गेला. घेवडा मक्याला वेटोळे घालत तुऱ्यापर्यंत चढला. खाली भोपळ्याची सुपाएवढी खरखरीत पानं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी कुंपण दिसायचं, पलीकडची सिस्टरची वाळत घातलेली साडी दिसायची. आता फक्त हिरवी भिंत. मी भाकरी थापताना त्या भिंतीकडं बघायची आणि मला वाटायचं, ओळीत लावणाऱ्या माणसाला आडोसा कशाला लागला?

बरं, घेवडा इतका आला की वसाहतीत वाटूनही उरायचा. घेवड्याची भाजी, घेवड्याची आमटी. मी तीसुद्धा जीव लावून खाल्ली नाही. ताटात वाढली की वाटायचं, ही तिच्या बियांची आहे.

आणि मालक बदलले होते. पहाटे उठून परसात जायचे. पूर्वी झाडांना पाणी घालताना शीळ घालायचे, आता आवाज नाही. परत यायचे तेव्हा डोळे लालसर, पापण्या ओल्या. एकदा मी विचारलं, "रडलात का काय?" तर म्हणाले, "मक्याच्या तुऱ्याचा भुगा गेला." आता भुगा रोज रोज, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत जातो का?

संध्याकाळी बाजारला माझ्याबरोबर यायचं बंद केलं. मी ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहायची, तर मान वळायची नाही. नवी हिरवी साडी नेसून त्यांच्या बाजूला बसले होते एकदा. पेपर वाचत होते. बारीक अक्षर न् अक्षर वाचत होते, आणि शेजारी बसलेली बायको दिसत नव्हती. मी खाकरले तेव्हा दचकले. "कधी आलीस?" म्हणाले. मी आत जाऊन साडी बदलली. मला त्या दिवशी फार अपमान वाटला.

दारातून जाताना चौकटीला धडकायचे, तांबे लवंडायचे. मी मनात म्हणायची, डोक्यात दुसरंच कोणी शिरल्यावर माणूस धडपडणारच.

त्यात इंगळेवहिनी आल्या. वहिनींचा नवरा फिटर, त्यांचं क्वार्टर आमच्या समोर, आणि त्यांच्या खिडकीला पडदा कधी नसायचा. चहा पिता पिता म्हणाल्या, "हौसाबाई, मका बरा वाढलाय तुमचा."

"हो."

"आत दोन माणसं उभी राहिली तरी कळायचं न्हाई."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या बशीतल्या चहाकडं बघत होत्या.

"काय बघितलंत ते सरळ सांगा, वहिनी."

"मी कशाला काय बघू? माझी म्हस हुडकायला गेलते काल संध्याकाळी मागच्या बाजूनं. बोलण्याचा आवाज आला. बाईमाणसाचा न् बापयाचा. आता मका काय बोलत न्हाई."

वहिनींकडं म्हैस नव्हती. होती ती त्यांनी मागच्याच वर्षी विकली होती. पण त्यांचं बोलणं काही मला खोटं वाटलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शेजारी मालक घोरत होते. मला वाटत होतं, ह्या वयात मी कुठं जाऊ? लेकीच्या सासरी जाऊन तोंड कसं दाखवू? पंचविशीतल्या बाईला नवरा सोडून गेला तर लोक हळहळतात. माझ्या वयाच्या बाईला हसतात. पण त्याआधी मला खात्री करून घ्यायची होती. उगीच संशय घेऊन मी थयथयाट करायची आणि तो नाहीच म्हणायचा, हे मला नको होतं. माझ्या हातात पुरावा हवा होता.

पुरावा धरायचा रस्ता मला राखेनं दाखवला. भोपळ्याच्या पानांवर तांबडे भुंगे पडतात, पानांची चाळण करतात. त्यासाठी बंबातली राख चाळून सकाळी पानांवर फेकायची, हे काम माझंच. त्या दिवशी मी संध्याकाळीच, दिवेलागणीच्या आधी, पाटीभर राख घेऊन गेले आणि पानांवर कमी, जमिनीवर जास्त टाकली. कुंपणापासून मोरीपर्यंत, मक्याच्या प्रत्येक उंचवट्याभोवती. रांगोळी काढायच्या आधी जमीन सारवतात तशी सगळी जागा पांढरी करून ठेवली.

सकाळी मालक बस घेऊन गेल्यावर मी बघायला गेले.

कुंपणाची खालची तार एका जागी वर उचलून अडकवलेली होती. तिथून आत आलेली पावलं बारीक, रबरी तळाची, एकसारखी. दवाखान्यात घालतात ते बूट. ती पावलं एकही पान न चुरडता भोपळ्याच्या वेलांमधून नीट वाट काढत आली होती. मोरीच्या बाजूनं आलेली पावलं मोठी, चपलेची. ती कशीही पडली होती. वेलावर, पानावर, एक तर थेट कोवळ्या भोपळ्याच्या मधोमध. दोन्ही पावलं मक्याच्या मधल्या उंचवट्यापाशी समोरासमोर थांबली होती. तिथं एक बादली पालथी घातलेली होती.

मी तिथंच खाली बसले. वर घेवड्याच्या शेंगा लोंबत होत्या आणि भोपळ्याच्या पिवळ्या फुलांत मधमाश्या घोंगावत होत्या. सगळं इतकं भरात आलं होतं की मला ते उपटून टाकावंसं वाटलं.

म्हणजे भोपळे तेच तुडवत होते. आपणच लावायचं, आपणच घाईघाईनं तुडवत जायचं, आणि मला डुक्कर सांगायचं. इतकी कसली घाई? मला त्या घाईचा जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालक उठले, तेव्हा मी जागीच होते. डोळे मिटून पडून राहिले. ते मागच्या दारानं गेले. मी उठले, पदर खोचला. मागच्या दाराशी खिळ्याला बसची किल्ली अडकवलेली असायची. तिला पितळेचा मोठा गोल बिल्ला होता. ती मी काढून घेतली. कशासाठी, ते तेव्हा माझं मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच वाटलं, आज बोलणं पुरं झाल्याशिवाय हा माणूस बसचं निमित्त काढून निघून जाता कामा नये.

दोरीवर गोधडी वाळत होती. तिच्याआड उभी राहिले. फटफटत होतं. मक्याची पानं ओली होती.

मालक पालथ्या बादलीवर बसले होते. मान मागं टाकून, तोंड वर करून. सिस्टर वळवी त्यांच्यासमोर वाकून उभी होती. तिचा एक हात त्यांच्या हनुवटीखाली होता, दुसरा गालाला लागून. दोघांच्या तोंडात वीतभरही अंतर नव्हतं.

"हलू नका," ती हळू म्हणाली.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी असा कधी ह्या माणसाचा चेहरा हातात धरला नव्हता. तेच मला सगळ्यात आधी सुचलं, आणि मग काही सुचलं नाही.

मी गोधडी सारून आत घुसले. हाताला लागेल तो मक्याचा ताट धरला आणि उपटायला गेले. तो घेऊन कोणाला मारणार होते, देव जाणे. पण तो ताट काही निघेना. घेवड्यानं तीन-चार ताट एकात एक असे बांधून टाकले होते, की एक ओढला तर सगळा उंचवटा हलला, शेंगा माझ्या डोक्यावर पडल्या आणि मी भोपळ्याच्या वेलात अडकून गुडघ्यावर आले.

"हौसाताई!" सिस्टर ओरडली.

"मला ताई म्हणू नकोस!"

मालक उठायला गेले, बादलीला अडखळले. "हौसा, अगं..."

"काय अगं? रोज पहाटं ह्यासाठी उठता व्हय? हिच्याकडनं तोंड कुरवाळून घ्यायला? आणि मला डुक्कर सांगता?"

सिस्टरनं हात पुढं केला. तिच्या बोटांत एक छोटी पांढरी बाटली होती, खाली निमुळतं टोक असलेली. "ताई, हे थेंब आहेत. डोळ्यांत घालायचे. ह्यांना काचबिंदू आहे."

"काय हाय?"

"डोळ्यांचा आजार. मागं दवाखान्यात शिबिर झालं, शहरातून डॉक्टर आले होते, त्यांनी सांगितलं. दोन वेळा थेंब घालावे लागतात. ह्यांना स्वतःला नीट घालता येत नाहीत."

मी हसले. खरंच हसले. "डोळ्यांचा आजार! सिस्टर, हा माणूस रोज पेपर वाचतो. बारीक अक्षरातल्या मयताच्या बातम्यासुद्धा वाचतो. सुईत दोरा मला ओवून देतो. दुसरं काही तरी सांग."

"समोरचं दिसतं त्यांना. बाजूचं दिसत नाही."

"असं कुठं असतं?"

मालक खाली बघत होते. मला वाटलं, दोघांनी मिळून ठरवून ठेवलेलं दिसतंय हे. सापडलो तर असं म्हणायचं. बाटली काय, कुठलीही हातात धरता येते.

"बरं," मी म्हटलं. "बघूच की."

मी वेलावरचं एक मोठं भोपळ्याचं फूल तोडलं. पिवळंधमक, पुरतं उमललेलं, तळहाताएवढं. मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"माझ्या नाकाकडं बघा. डोळं हलवायचं न्हाईत. माझ्या हातातलं फूल दिसलं की सांगायचं."

"हौसा, राहू दे."

"बघा म्हणते ना!"

त्यांनी बघितलं. सरळ माझ्याकडं. मी फुलाचा हात बाजूला लांब पसरला आणि हळूहळू आत आणायला लागले. आता सांगतील, मला वाटलं. हात अर्ध्यावर आला. मालक माझ्या नाकाकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर शाळेतल्या पोरासारखी भीती होती, उत्तर न येणाऱ्या पोरासारखी. फूल माझ्या खांद्यापाशी आलं. मग कानापाशी.

"आता," ते म्हणाले. "पिवळं काय तरी."

मी दुसऱ्या बाजूनं केलं. तसंच. मग मी त्यांना न सांगता फूल त्यांच्याच कानाच्या बाजूनं, कानशिलापर्यंत नेलं. एकदम नेलं, मारायला हात उगारावा तसं. माणूस पापणी मिटतोच. त्यांनी मिटली नाही. फुलाची पाकळी गालाला लागली तेव्हा दचकले.

तसेच दचकले होते ते. ओट्यावर, मी हिरवी साडी नेसून शेजारी बसले होते तेव्हा.

माझ्या हातातलं फूल गळून पडलं. खरं होतं तर. सगळं खरं होतं. आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. मला वाटलं, दुसरंच खरं असतं तर बरं झालं असतं. त्या बाईशी काही असतं, तर मी भांडले असते, रडले असते, उपाशी राहिले असते, त्यातून काही तरी मार्ग निघाला असता.

"बरं होतं का हे?" मी सिस्टरला विचारलं.

"गेलेलं परत येत नाही. आहे तेवढं टिकवता येतं. थेंब चुकवायचे नाहीत."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू बस चालवू दिली असतीस?" मालक म्हणाले. "आणि बस गेली की क्वार्टर गेलं. कुठं गेलो असतो?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात बस आली. मी सिस्टरकडं वळले. "आणि तू? तुला ठाऊक असून तू ह्यांना पोरांची बस चालवू देत होतीस?"

सिस्टरचा चेहरा पडला. "मला म्हणाले, ऑफिसात सांगितलंय. बदली ड्रायव्हर पुढच्या आठवड्यात येतोय, तोवर साहेबच बसमध्ये पुढं बसून सोबत करतात. घरी मात्र सांगू नका, हौसाला धक्का बसेल." ती मालकांकडं बघत राहिली. "शेलारमामा, सांगितलंय ना तुम्ही?"

मालक सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागले.

माझा संशय चुकला होता, असं अगदीच नाही. ह्या माणसानं खरंच फसवलं होतं. फक्त मला एकटीला नाही, आम्हा दोघींना. आणि बसमधल्या पोरांना, त्यांच्या आयांना.

"मला समोरचं दिसतंय," मालक म्हणाले. आवाज चढला होता. "चांगलं दिसतंय. रस्ता समोरच असतो की!"

"आणि पोरं?"

"काय पोरं?"

"पोरं कुठनं येतात, मालक? रस्त्यावर पोरं समोरनं येतात का बाजूनं?"

ते थबकले. मग मान झटकून मोरीकडं निघाले. "मला उशीर होतोय. गेटावर जमली असतील. एवढी वर्षं चालवली, एक ओरखडा न्हाई बसला. आजचा दिवस नेऊन येतो, मग बघू काय ते."

दाराशी त्यांचा हात खिळ्यावर गेला. रिकाम्या खिळ्यावर तो चाचपडत राहिला.

"किल्ली माझ्याकडं हाय," मी म्हटलं.

"दे."

मी किल्ली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, त्यांना दिसेल अशी. आणि भोपळ्याच्या वेलांकडं फेकली.

"हुडका. सापडली तर जा. मी अडवणार न्हाई."

ते रागानं वेलांत शिरले. किल्ली पानाखाली गेली नव्हती. मक्याच्या उंचवट्यापाशी, राख टाकलेल्या उघड्या मातीवर पडली होती. पितळेचा बिल्ला चकाकत होता. मला दिसत होती, सिस्टरला दिसत होती. मालक वाकून समोरची पानं उचलत होते, ठेवत होते. वेलाचा खरखरीत काटा हाताला लागला की हात झटकत होते. एकदा किल्लीच्या इतक्या जवळ आले, की मला वाटलं आता सापडली. ते पुढं गेले. परत फिरले. परत तिच्या बाजूनं गेले.

सिस्टरनं बोट दाखवायला हात उचलला. मी तिचं मनगट धरलं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं हात खाली घेतला. मी काही तिचं मनगट सोडलं नाही. मला कशाला तरी धरून राहायचं होतं.

गेटाकडून पोरांचा गलका ऐकू येत होता. कोणी तरी बसचा पत्रा वाजवत होतं.

"सापडंल," मालक म्हणत होते. "हितंच असणार. सापडंल."

त्यांनी घाईनं पाय उचलून टाकला आणि खालून तो आवाज आला. कच्ची काकडी मोडावी तसा. ते थांबले. मान पूर्ण खाली घालून, आपल्याच पायाकडं बघत राहिले. चप्पल उचलली. खाली मुठीएवढा भोपळा चेपला होता, आणि त्याच्या सालीवर रेघा उमटल्या होत्या.

त्यांनी चपलेचा तळ वर करून बघितला.

"हौसा," ते म्हणाले, "ते सगळे मीच तुडवले का गं?"

मला वाटत होतं, ते मला मुद्दाम डुक्कर सांगत होते. ते खोटं सांगत नव्हते. त्यांना खरंच डुक्कर वाटत होतं.

"हो," मी म्हटलं.

ते खाली बसले. बादली बाजूला होती ती त्यांना दिसली नाही, मातीतच बसले, मक्याच्या उंचवट्याला पाठ लावून. हातानं तो फुटका भोपळा उचलला, आतल्या कोवळ्या बिया अंगठ्यानं बाजूला सारत राहिले.

"किल्ली कुठाय?"

"तुमच्या डाव्या पायापाशी."

त्यांनी खाली बघितलं नाही. "तूच उचल," ते म्हणाले. "आणि ऑफिसात देऊन ये. मी येतो मागनं, साहेबांना काय सांगायचं ते माझं मी सांगतो. आधी पोरांना सांग, बस येणार न्हाई."

मी किल्ली उचलली. गेटावर गेले. दप्तरं पाठीला लावून पोरं बसभोवती जमली होती. मी सांगितलं, आज बस निघणार नाही. सगळी अशी ओरडली, अशी नाचली, की झाडावरचे कावळे उडाले. एकानं दप्तर वर फेकलं. इंगळेवहिनींची धाकटी माझ्या पायाला मिठी मारून गोल गोल फिरली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला लवकर उचलता येईना.

ऑफिसात किल्ली देऊन परत आले तेव्हा सिस्टर कुंपणाच्या तारेशी उभी होती. तिनं ती पांढरी बाटली माझ्या हातात दिली. "आजचे राहिलेत," म्हणाली, आणि तार उचलून, एकही पान न चुरडता आपल्या परसात गेली.

मालक तिथंच मातीत बसले होते. मी त्यांच्या समोर गेले. बाजूनं नाही, समोरून गेले.

"पोरं कशाला ओरडली गं एवढी?"

"सुट्टी मिळाली म्हणून."

"व्हय?" ते म्हणाले. "बरं झालं."

आणि त्यांनी मान वर केली.